अग्निबाणाला १८८४ चे कुलूप

नागपूरच्या परिसरात भारतीय सैन्यासाठी 'पिनाक' अग्निबाण तयार होतात. स्कायरूट या भारतीय कंपनीच्या 'कलाम-१००' इंजिनाची चाचणी मे २०२२ मध्ये येथीलच सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात झाली. मात्र याच नगरीतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी चार-पाच फुटांचे हायब्रिड रॉकेट स्वतः घडवून उडवायचे ठरविले, तर त्यांच्या वाटेत प्रथम आडवा येतो तो इंग्रजांचा १८८४ चा स्फोटके कायदा. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचे हे धाकटे भावंड! त्यातील 'स्फोटक' या शब्दाच्या व्याख्येत फटाके, डिटोनेटर आणि काडतुसे यांच्याच पंगतीला 'रॉकेट' बसविलेले आहे. नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरचे नियमही याच कायद्याखाली येतात. आणि या साऱ्याची अंमलबजावणी करणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय कोठे आहे? नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर.

वस्तुतः हायब्रिड रॉकेट हे दारूच्या बाणाहून मूलतः वेगळे आहे. बाणाच्या दारूत इंधन आणि ते जाळणारा पदार्थ एकत्र कुटलेले असतात. एकदा पेटली की ती कोणाचे ऐकत नाही. हायब्रिडमध्ये एका नळीत रबर किंवा मेणासारखे घन इंधन, तर निराळ्या टाकीत नायट्रस ऑक्साइड असतो. झडप उघडली की ज्वलन, मिटली की शांतता. दिवाळीत बाण पोरांच्या हाती देणाऱ्या समाजाला या रॉकेटचे भय वाटावे, हे नवलच.

धोका नाही असे मात्र नव्हे. २६ जुलै २००७ रोजी अमेरिकेतील मोजावे येथे नायट्रस ऑक्साइडच्या चाचणीत स्फोट होऊन तिघांचा बळी गेला. म्हणून नियम हवेतच. पण ते टाकीचा दाब, माणसांचे अंतर आणि दुरून करावयाचे प्रज्वलन यांविषयीचे हवेत, सरसकट संशयाचे नकोत. अमेरिकेत हौशी मंडळींच्या संघटना पायरीपायरीने प्रमाणपत्रे देतात. त्यांच्या घन इंधनाला स्फोटक ठरविणाऱ्या सरकारी खात्याला त्यांनी न्यायालयात खेचले आणि २००९ मध्ये दावा जिंकला.

रशियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १७ ऑगस्ट १९३३ रोजी मॉस्कोजवळ कोरोलेव्ह यांच्या गटाने जे रॉकेट उडविले, ते हायब्रिडच होते. त्या गटाची सुरुवात हौशी स्वयंसेवकांची होती. चोवीस वर्षांनी त्याच कोरोलेव्ह यांनी स्पुटनिक अवकाशात पाठविला.

आपल्याकडे २० सप्टेंबर २०२२ रोजी इस्रोने महेंद्रगिरी येथे हायब्रिड इंजिनाची चाचणी घेतली. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी तामिळनाडूतील पट्टिपुलम येथून शालेय विद्यार्थ्यांचे चिमुकले उपग्रह घेऊन हायब्रिड रॉकेट उडाले. विदर्भ मागे का? दोष एकट्या कायद्याचा नाही. पुष्पक विमानाचा अभिमान मिरविणाऱ्या घरांतही मुलाने हातात कानस घेतली की "आधी जेईई, मग हे उद्योग" असेच ऐकू येते.

जुन्या कायद्याच्या जागी नवा आणण्यासाठी केंद्राने २०२४ मध्ये मसुदा प्रसिद्ध केला. ठरावीक वजनाखालील विद्यार्थी-रॉकेटांचा स्वतंत्र वर्ग, जबाबदार प्राध्यापकाची देखरेख आणि विदर्भात एक निश्चित प्रक्षेपणस्थळ, एवढी तरतूद करावयास कोणती अडचण आहे? सेमिनरी हिल्सहून व्हीएनआयटीपर्यंत जाण्यास अर्धा तासही लागत नाही. पेसोच्या अधिकाऱ्यांनी एकदा तेथील कार्यशाळेत जाऊन बसावे.