पारख कोणाची, फूटपट्टी कोणाची?

अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की मध्यमवर्गीय घरांत एकच शब्द घुमू लागतो : मुलाखत. लेखी चाचणी होते, गटचर्चा होते आणि मग उमेदवार एकामागून एक तीन दालनांतून जातो. पहिल्या दालनातील तंत्रज्ञ विषयाचे ज्ञान तपासतो. दुसऱ्यातील प्रकल्पप्रमुखाला एकच विवंचना असते. हा मुलगा मुदतीत काम पुरे करील काय? तिसऱ्या दालनात मनुष्यबळ विभागाचा अधिकारी 'व्यक्तिमत्त्व' पाहतो. तिघांची दृष्टी निराळी असण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते पुढे. पहिल्या दोघांनी पसंत केलेला शेतकऱ्याचा मुलगा तिसऱ्या दालनात इंग्रजीत अडखळतो आणि 'संवादकौशल्य अपुरे' या दोन शब्दांत त्याच्या चार वर्षांच्या परिश्रमांचा निकाल लागतो!

निवड ही विद्या आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो, असा समज असणाऱ्यांनी कौटिलीय अर्थशास्त्राचे पहिले अधिकरण उघडावे. अमात्य कोणाला नेमावे, यावर तेथे आचार्यांचा वाद रंगला आहे. भारद्वाज म्हणतात, सहाध्यायी नेमावेत. विशालाक्षांची हरकत अशी की, बरोबर खेळलेले लोक राजाला जुमानत नाहीत. पराशरांना संकटात प्राण वाचविणारे हवेत. पिशुन म्हणतात, ही भक्ती झाली, बुद्धी नव्हे. कौणपदंतांना पिढीजात सेवक हवेत, वातव्याधींना नीती जाणणारे नवे लोक. बाहुदंतीपुत्र बजावतात, केवळ शास्त्र जाणणारा अननुभवी मनुष्य प्रत्यक्ष कामात खचतो. आजच्या कोणत्याही निवड समितीत हीच माणसे बसलेली नाहीत काय? कौटिल्य कोणालाच खोटे पाडत नाही. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी योग्य. पण पुरुषाचे सामर्थ्य ठरते ते कार्यसामर्थ्यावरून, हा त्याचा निर्णय.

पुढच्याच अध्यायात तो कोणी काय तपासावे हेही सांगतो. विद्या समान विद्या असलेल्यांनी पारखावी, बुद्धी आणि दक्षता कामातून, शील सहवासातील माणसांकडून जाणावे. वक्तृत्वही तो गुणच मानतो, मात्र अनेकांतील एक. त्या एका गुणाला इतर सर्व गुणांवर नकाराधिकार त्याने दिलेला नाही. तो आपण दिला, तोही एका परकीय भाषेतील वक्तृत्वाला!

ज्यांना प्रमाणपत्र पश्चिमेचेच लागते, त्यांच्यासाठी तेही आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा प्रत्यक्ष काम करवून घेणारी चाचणी आणि सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारणारी मुलाखत अधिक भरवशाची, असाच त्याचा निष्कर्ष होता.

परदेशी ग्राहकाशी बोलायला इंग्रजी लागते, हा आक्षेप खरा आहे. जेथे लागते तेथे ती अवश्य तपासा. पण ज्याला आठ तास यंत्रापुढे किंवा संगणकापुढे काढायचे आहेत, त्याला तीच अट कशासाठी? नागरी सेवा परीक्षेत १९७९ पासून भारतीय भाषांतून उत्तरे लिहिता येतात आणि मराठीतून मुलाखत देणारे तरुण जिल्ह्यांचा कारभार हाकतात. जिल्हा चालतो, मग कारखान्याचा एक विभाग चालणार नाही?

दोष केवळ कंपन्यांना देऊन आपण सुटत नाही. त्या तिसऱ्या दालनात, खुर्चीच्या पलीकडे, पुष्कळदा आपल्याच घरातील माणूस बसलेला असतो. अस्खलित इंग्रजी ऐकले की तोच प्रभावित होतो. आडनाव, गाव, महाविद्यालय ओळखीचे निघाले की तोच विरघळतो. समरसतेच्या गोष्टी बैठकीत बोलायच्या आणि खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला उच्चारावरून परत पाठवायचे, ही विसंगती आपणच संपविली पाहिजे.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक परीक्षकाने आपल्याला कळते तेवढ्याच गुणाचे मत, इतरांशी बोलण्याआधी, कारणासह लिहून द्यावे. कामाचा एक नमुना करवून घ्यावा. भाषा त्या पदाला लागेल तेवढीच मोजावी. उद्या मुलाखत घ्यायला बसाल तेव्हा समोरच्या मुलाला एकदा म्हणून पाहा, "मराठीत सांग, चालेल." मग तो काय सांगतो, ते लक्ष देऊन ऐका.