आकाशवाटेचा हिशेब

भर पावसात, गुडघाभर पाण्यातून दुचाकी ढकलीत कोणाचे तरी जेवण वेळेवर पोहोचविण्यासाठी धडपडणारा तरुण शहरातील प्रत्येकाने पाहिला आहे. उद्या हे जेवण ड्रोनने येईल आणि त्या तरुणाची यातायात संपेल, असे सांगण्यात येते. यातायात संपेल, पण तिच्याबरोबर त्याची रोजीही संपणार काय, याचे उत्तर मात्र कोणी देत नाही.

हा प्रश्न यंत्रद्वेषातून विचारलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने लशी धाडण्यात आल्या. रवांडात २०१६ पासून दूरच्या रुग्णालयांना याच मार्गाने रक्त पुरविले जाते. जेथे रस्ता नाही आणि वेळ प्राणाइतका मोलाचा आहे, तेथे या यंत्राचे स्वागतच केले पाहिजे. परंतु गल्लीच्या टोकाला दुकान असताना बिस्किटांचा पुडा आकाशातून मागविणे ही गरज नव्हे, चैन आहे. आणि चैनीची किंमत कोणी मोजायची, हा राजकारणाचा प्रश्न आहे.

परदेशांतील अनुभव पाहण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा शहराच्या बॉनिथन उपनगरात २०१८ मध्ये अशी सेवा चाचणीदाखल सुरू झाली, तेव्हा तिच्या कर्कश आवाजाने त्रासलेल्या रहिवाशांनी मोहीम उभारली व प्रकरण तेथील विधिमंडळाच्या चौकशीपर्यंत गेले. चीनमधील शेन्झेन शहरात ड्रोन घराच्या दारात येत नाही; तो ठराविक ठिकाणच्या पेटीत जिन्नस ठेवतो. आपल्याकडील चाळी, विजेच्या तारा आणि पावसाळी वारा ध्यानी घेता येथेही याहून वेगळे घडणे कठीण आहे. म्हणजे पेटीपासून चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढणारा माणूस उरेलच. पण त्याच्या कामाचे तुकडे पडतील आणि मोबदलाही तुकड्यांतच मिळेल.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात असे अस्थायी कामगार २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. त्यांची दखल घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तीनुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावयाची आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही, अशी मेख त्यातच मारून ठेवली आहे. समजा, एखाद्या कंपनीची उलाढाल १,००० कोटी व कामगारांना दिलेला मोबदला २०० कोटी आहे. तिला फार तर १० कोटी द्यावे लागतील. ड्रोन आल्यामुळे मोबदला निम्म्यावर आला की उलाढाल तेवढीच राहूनही ही मर्यादा ५ कोटींवर येईल. कामगारांना आधाराची गरज सर्वाधिक असेल, नेमकी तेव्हाच त्यांच्या निधीला गळती लागेल. ही मर्यादा ड्रोन येण्यापूर्वीच रद्द झाली पाहिजे.

दुसरा प्रश्न आकाशाच्या मालकीचा. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल विभाग पाडले. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. राज्य सरकारला तात्पुरती बंदी घालता येते, तीही ९६ तासांपुरती. ज्या वस्तीच्या डोक्यावरून दिवसभर घरघर चालणार, तिला मात्र यात शब्द नाही. पदपथावर टोपली मांडणाऱ्या भाजीवालीकडे परवाना मागणारी महापालिका आपल्याच आकाशाविषयी मूक राहणार असेल, तर स्थानिक स्वराज्य या शब्दाला काय अर्थ उरला?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. रक्त, लस आणि सर्पदंशावरील औषध यांना आकाशात पहिला मान द्यावा. व्यापारी उड्डाणांचे मार्ग प्रभागातील नागरिकांच्या संमतीने ठरावेत आणि त्यांवर महापालिकेने शुल्क घ्यावे. त्या शुल्कातून व कंपन्यांच्या अंशदानातून काम गमावणाऱ्यांना पर्यायी रोजगार मिळेपर्यंत निर्वाहभत्ता मिळावा.

आभाळ ही गरिबाकडे उरलेली अखेरची सामाईक मालमत्ता आहे. जमिनीचा बाजार मांडला गेला तेव्हा आपण उशिरा जागे झालो. आभाळाच्या बाबतीत तरी तसे होऊ नये.