आकार एक, क्षमता अनेक : ‘यूएसबी’ जोडणीच्या एकरूपतेचा प्रश्न

भ्रमणध्वनी, टॅब्लेट, कॅमेरा यांसारख्या उपकरणांवर ‘यूएसबी टाइप-सी’ हे एकच चार्जिंग पोर्ट सक्तीचे करणारा युरोपीय संघाचा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून अमलात आला. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख निश्चित करण्यात आली. युरोपीय संसदेने ऑक्टोबर २०२२ मध्ये ६०२ विरुद्ध १३ मतांनी या नियमाला संमती दिली होती. मात्र पोर्टचा आकार एक झाल्याने ग्राहकाची अडचण पूर्णपणे दूर झाली, असे मानणे घाईचे ठरेल.

संगणकाचा की-बोर्ड, माउस, प्रिंटर यांना पूर्वी निरनिराळ्या जोडण्या लागत. त्यांच्या जागी एकच जोडणी असावी, या हेतूने सात कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध केले. इंटेल कंपनीत या कामाचे नेतृत्व करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी विद्यार्थी.

एकरूपतेसाठी जन्मलेल्या या मानकालाही पुढे अनेक फाटे फुटले. संगणकावर दिसणारे चपटे, आयताकृती पोर्ट ‘टाइप-ए’, तर प्रिंटरच्या मागील बाजूचे जवळपास चौकोनी पोर्ट ‘टाइप-बी’ होय. लहान उपकरणांसाठी आधी ‘मिनी’ आणि २००७ मध्ये ‘मायक्रो’ हे प्रकार आले. टाइप-ए एकाच बाजूने बसते. दोन्ही बाजूंनी बसणारी रचना केल्यास खर्च वाढला असता, हे त्याचे कारण भट्ट यांनी सांगितले आहे. ही उणीव २०१४ मध्ये आलेल्या, २४ पिनांच्या टाइप-सीने भरून काढली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. टाइप-सी हे आकाराचे नाव आहे, वेगाचे किंवा शक्तीचे नव्हे. एकाच आकाराच्या पोर्टमधून माहिती सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाने जाऊ शकते, तशीच ४० गिगाबिट वेगानेही. २०२३ मध्ये ॲपलने आयफोन १५ ला टाइप-सी पोर्ट दिले. परंतु साध्या आवृत्तीचा वेग ४८० मेगाबिट, तर ‘प्रो’ आवृत्तीचा १० गिगाबिट होता. विद्युतशक्तीचेही तसेच. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली मानकानुसार बनविलेली केबल किमान ६० वॅट वाहून नेते. त्याहून अधिक, म्हणजे २४० वॅटपर्यंतच्या शक्तीसाठी केबलमध्ये विशेष चिप असावी लागते. बाहेरून मात्र या केबल सारख्याच दिसतात.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाच्या नोव्हेंबर २०२२ मधील बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट व लॅपटॉपसाठी टाइप-सी स्वीकारण्यावर मतैक्य झाले. साध्या भ्रमणध्वनींसाठी वेगळे पोर्ट असावे, असाही विचार तेथे मांडण्यात आला. अल्प किमतीच्या संचावर अतिरिक्त खर्चाचा भार पडू नये, हा मुद्दा भारतासारख्या देशात दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीविषयीचे मानक प्रसिद्ध केले.

वापरात नसलेल्या व टाकून दिलेल्या चार्जरमुळे युरोपात दरवर्षी सुमारे ११ हजार टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण होतो, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता. हा कचरा घटविणे हे एकरूपतेचे मुख्य प्रयोजन आहे. परंतु योग्य केबल कोणती हेच न कळल्याने ग्राहक दोन-तीन केबल विकत घेऊ लागला, तर ते प्रयोजनच विफल होईल. म्हणून पोर्टच्या आकाराइतकेच केबलवरील स्पष्ट निर्देशही महत्त्वाचे आहेत. किती वॅट आणि किती गिगाबिट, हे दोन आकडे केबलवर ठळकपणे छापलेले असणे आणि खरेदीपूर्वी ग्राहकाने ते पाहणे, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच एका आकाराचा खरा लाभ पदरी पडेल.