परदेशची उमेदवारी आणि घरची कानडी

उन्हाळ्याची सुटी म्हणजे आजोळ, हे समीकरण आपल्या घरांतून केव्हाच पुसले गेले. मुले हल्ली सुटीतही कुठल्या ना कुठल्या वर्गाला जात असतात. आणि तीच मुले मोठी होऊन अभियांत्रिकीच्या किंवा शास्त्र शाखेच्या वरच्या वर्गात पोचली, की घरात एक नवा शब्द वावरू लागतो. तो शब्द म्हणजे 'इंटर्नशिप'. तीही पुण्या-मुंबईची नव्हे. टोकियोला सहा आठवडे, सिंगापूरला दोन महिने, तैपेईच्या प्रयोगशाळेत एक उन्हाळा, अशी बोलणी आता कोल्हापूरच्या पेठांतच नव्हे, तर निपाणी, गडहिंग्लज, संकेश्वर अशा गावांतल्या सोप्यांवरही कानी पडतात. आईला काळजी जेवणाची, वडिलांना खर्चाची. आणि आजीला प्रश्न पडतो तो एवढाच, की हे आहे तरी काय?

आजीला समजेल असा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तो म्हणजे उमेदवारी. सराफाच्या पेढीवर, वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात मुलगा उमेदवार म्हणून राही. पहिले काही महिने तो काय करी? दुकान झाडी, पाणी भरी, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पाही. आपल्या करवीरनगरीला हे वेगळे सांगायला नको. १९२० च्या सुमारास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा पडेल ते काम करीत राहिला, आणि पाहता पाहता व्ही. शांताराम झाला. जपानी भाषेत अशा शिकण्याला 'मिनाराई' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच मुळी 'पाहून शिकणे' असा आहे. तेव्हा नाव नवे असले, तरी गोष्ट जुनीच आहे. आणि ती जुनी आहे हे ध्यानी धरले, तर तिच्याविषयीच्या पुष्कळ चुकीच्या अपेक्षा गळून पडतील.

पूर्वेकडे शिकायला जाणे हेही आपल्याला अगदीच नवखे नाही. संकेश्वरजवळ निडसोशीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्या मुलाच्या पदवीपत्रावर ज्यांचे नाव छापलेले असते, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८९८ साली जपान पाहून आले होते. हे गृहस्थ म्हैसूर संस्थानातले. शिकले पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, आणि तेव्हा नोकरीला होते मुंबई इलाख्यात. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच करामत. पुढे १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण झाले. जपानसारखे आशियाई राष्ट्र यंत्रविद्येत आणि शिक्षणात युरोपाच्या पंगतीला कसे बसते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आणि उद्योगधंद्यांचा जो आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला, त्यामागे हे पाहणे होते. महर्षी कर्व्यांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. तिने त्यांच्या मनात घर केले, आणि १९१६ साली पुण्यात भारतातले पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. नुसत्या पुस्तिकेने एवढे घडत असेल, तर डोळसपणे घालविलेले सहा आठवडे वाया कसे जातील?

मात्र ते डोळसपणेच घालविले पाहिजेत. इथेच आमचा मुद्दा सुरू होतो.

विद्यार्थ्याला वाटते की प्रयोगशाळेत किंवा कंपनीत इंग्रजी आले म्हणजे झाले. कागदावर ते खरे असते. मार्गदर्शक प्राध्यापक इंग्रजी बोलतात, शोधनिबंध इंग्रजीतच असतात. पण काम जिथे खरे शिकले जाते ती जागा म्हणजे शेजारची खुर्ची, उपाहारगृहातले टेबल, संध्याकाळी यंत्र बंद करतानाची दोन वाक्ये. तिथे त्या शहराची भाषा चालते. जपानी कचेरीत नवख्याला आधी तीन गोष्टी शिकवितात: झालेले सांगणे, कळवीत राहणे, आणि अडले की विचारणे. या तिन्हींची आद्याक्षरे जोडून 'होऱेन्सो' असा शब्द त्यांनी केला आहे, आणि त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे पालक! भाजीच्या नावावर कोटी करून ते नवख्याला शिस्त लावतात. ही कोटी ज्याला कळली त्याला त्या कचेरीचे अर्धे मन कळले. न कळली, तर तो सहा आठवडे काचेबाहेरून पाहुण्यासारखा बघत बसणार.

परक्या शहरात मिसळायला लागते ती भाषेची भीड चेपलेली असणे. पुस्तकी प्रावीण्य नंतर येते. आधी चुकत बोलण्याची लाज जावी लागते. आणि हा गुण आपल्या सीमाभागातल्या मुलाला जन्मतःच मिळत असतो, हे आपण विसरतो. संकेश्वर घ्या. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातले. आंबोलीला उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करीत या गावाशी येते. करवीर पीठाच्या शंकराचार्यांच्या नावात संकेश्वराचेही नाव जोडलेले. आणि संकेश्वरी मिरचीचे नाव न ऐकलेली गृहिणी आपल्या पेठांत सापडायची नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आणि गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. पण बाजार, सोयरिकी आणि देवधर्म यांना ती रेषा कधी मानवली नाही. इथले मूल घरी मराठी बोलते, बाजारात कानडी ऐकते, कचेरीत कानडी वाचते, चित्रपटात हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी. एका भाषेतून दुसरीत जाताना त्याची जीभ अडखळत नाही. अर्धे समजले तरी उरलेले अर्धे ते तोंडावरून ओळखते.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याजवळ याहून मोठी शिदोरी ती कोणती? सिंगापूरचेच उदाहरण पाहा. त्या नगरीच्या राजभाषा चार: मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी. बाजारात दोन भाषा ऐकत वाढलेल्या मुलाला त्या शहरात पाऊल ठेवताच ओळखीचे वाटावे.

आणि आपण घरी काय करतो? जुन्या, प्रतिष्ठित मराठी घरांतून आम्ही वर्षानुवर्षे हेच पाहत आलो आहोत: मूल शेजाऱ्याच्या मुलाशी कानडीत बोलू लागले की ओसरीवरून हाक येते, 'आपल्या भाषेत बोल!' मराठी टिकावी म्हणून ही हाक येते. तिच्यामागचे दुःख आम्हांस ठाऊक आहे. पण त्याच मुलाला पुढच्या वर्षी इंग्रजी शाळेत घातले जाते, आणि मराठीही पातळ होत जाते. कानडी दाराबाहेर ठेवली, मराठी स्वयंपाकघरापुरती उरली, आणि इंग्रजी तेवढी परीक्षेची. अशा मुलाला मग जपानी शिकताना पहिल्या महिन्यातच घाम फुटतो. कारण जिवंत भाषा कानाने उचलण्याची त्याची सवयच आपण मोडलेली असते.

सीमाप्रश्न हा न्यायाचा प्रश्न आहे. मराठी माणसाला आपल्या भाषेत कारभार मिळावा, शाळा मिळावी, ही मागणी रास्त आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण शेजाऱ्याची भाषा येणे हा त्या मागणीचा पराभव कसा होतो? मराठी घट्ट असावी आणि कानडी सहज यावी, यात विरोध नाही. उलट दोन्ही पक्क्या असलेला मुलगा तिसरी भाषा लवकर उचलतो.

दाखले हवे असतील तर दूर जायला नको. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते. कोटणीस तिथे राहिले, चिनी शिकले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवू लागले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांची स्मृती चीनमध्ये आजही जपली जाते, ती त्यांच्या शस्त्रक्रियांइतकीच त्यांच्या मिसळून जाण्यामुळे. अलीकडचा दाखला श्री. योगेंद्र पुराणिक यांचा. पुण्यात शिकलेले हे गृहस्थ १९९७ साली विद्यार्थी म्हणून थोड्या दिवसांसाठी प्रथम जपानला गेले. २००१ साली अभियंता म्हणून परतले. २०१२ साली त्यांनी तिथले नागरिकत्व घेतले, आणि एप्रिल २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर ते निवडून आले. पुढे एका जपानी सरकारी शाळेचे ते मुख्याध्यापकही झाले. प्रत्येकाने तिथलेच व्हावे असे आमचे म्हणणे नाही. पण थोड्या दिवसांची विद्यार्थिदशा कुठवर नेऊ शकते, आणि तिला भाषेची जोड असेल तर काय होते, हे यातून दिसते.

दुसरी गोष्ट पैशाची. विमानाचे भाडे, राहणे, विमा हे सारे धरले, तर सहा आठवड्यांचा खर्च मध्यम स्थितीच्या घराला पेलणारा नसतो. जिथे उमेदवाराला विद्यावेतन मिळते अशा जागाही आहेत. विद्यार्थ्यांची उमेदवारीसाठी देवघेव करणारी आयेस्टे ही आंतरराष्ट्रीय संघटना १९४८ पासून चालू आहे, आणि यजमान संस्थेने उमेदवाराच्या पोटापुरते दिले पाहिजे हा तिचा दंडक आहे. जपानने २०१४ साली 'साकुरा सायन्स' नावाची योजना काढून आशियातल्या तरुणांना आपल्या खर्चाने बोलाविण्यास आरंभ केला. तीत भारतातली शाळकरी मुलेही गेली आहेत. पण अशा जागा थोड्या, आणि त्यांचा सुगावा लागतो तो मोठ्या शहरांतल्या मोठ्या महाविद्यालयांना. बाकीच्यांसाठी उरते बापाची ऐपत. उमेदवारी जर ऐपतीवर ठरू लागली, तर ती उमेदवारी न राहता सहल होते.

इथे आपल्या संस्थानी परंपरेची आठवण करून द्यावीशी वाटते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुणास न्यूयॉर्कला पाठविले. आपल्या शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यामागे हाच विचार होता: हुशारी कुठल्याही घरात जन्मते, वाट मात्र कुणीतरी करून द्यावी लागते. राजे गेले, पण वाट करून देण्याचे काम संपलेले नाही. या टापूत सहकारी साखर कारखाने आहेत, पतपेढ्या आहेत, नागरी बँका आहेत, जुन्या घराण्यांचे न्यास आहेत. प्रत्येक वर्षी एका मुलाला किंवा मुलीला एका उन्हाळ्यापुरते पूर्वेकडे पाठविण्याइतकी ऐपत या साऱ्यांच्या मिळून नक्कीच आहे. अट एकच असावी: जाण्यापूर्वी त्या देशाच्या भाषेचे एक वर्षाचे शिक्षण, आणि परतल्यावर आपल्या गावातल्या शाळेत चार व्याख्याने. ती मराठीत द्यावीत आणि कानडीतही.

पालकांना दोन व्यवहाराच्या सूचना. उन्हाळ्यातल्या जागेचे अर्ज बहुधा थंडीतच भरावे लागतात. मे महिन्यात धावाधाव करून काही हाती लागत नाही. व्हिसाचा प्रकारही आधी विचारून घ्यावा. जपानात बिनपगारी अल्प मुक्कामाला एक व्हिसा लागतो, पगारी उमेदवारीला दुसरा. आणि नुसती जागा मिळवून देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे. जेवणाचे म्हणाल, तर तिथल्या साध्या दिसणाऱ्या सारातही माशाचा अर्क असतो. शाकाहारी घरच्या मुलाने हे आधीच जाणून असावे. मिरचीची चटणी संकेश्वराहून न्यावीच!

राहता राहिली आजीची काळजी. मुलगा सहा आठवड्यांनी परत येईल. बहुधा थोडा वाळलेला, थोडा अबोल, वेळेच्या बाबतीत मात्र भलताच काटेकोर. तो काय घेऊन आला हे त्याच्या प्रमाणपत्रावरून ठरवू नये. तिथल्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचे नाव, गाव आणि त्याच्या मुलाबाळांची खुशाली त्याला सांगता येते का, एवढे विचारावे. सांगता आली, तर पैसे सत्कारणी लागले असे समजावे. आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पारावर बसून शेजाऱ्याशी कानडीत गप्पा मारताना दिसला, तर ओसरीवरून हाक मारू नये.