कधीच न विकलेला गेम: एकच कॅसेट, एकच मालक आणि प्रत कुठेच नाही

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक रद्द केला. २०२० मध्ये तो जाहीर झाला तेव्हा काम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत चालू होतं. २०२२ मध्ये ते मॉन्ट्रियलला गेलं, आणि आता गेमच गेला. ट्रेलर आपण पाहिला. खेळता येईल असं मात्र आपल्या हातात काहीच आलं नाही.

हीच गोष्ट १९९० च्या आसपास घडली असती तर कदाचित कुठेतरी एखादी कॅसेट उरली असती. कुणा जुन्या कर्मचाऱ्याच्या माळ्यावर, खोक्यात, वर पेनाने नाव लिहिलेली. अशा कॅसेटला प्रोटोटाइप म्हणतात. जुन्या कन्सोलचे संग्राहक ज्यांच्यामागे वेडे होतात, त्या वस्तूंमध्ये हिचा नंबर फार वरचा. ती इतकी दुर्मिळ का, हे कळलं की तिच्यावरून चाललेलं भांडणही कळतं.

पुसून परत वापरायची चिप

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ होता अशा कुणालाही विचारा, मामाला किंवा मोठ्या दादाला. कॅसेट म्हणजे काय ते लगेच सांगतील. (आपल्याकडे बहुतेक नकली कॅसेटच खेळल्या गेल्या, पण तो वेगळा विषय.) दुकानात मिळणाऱ्या अस्सल कॅसेटमध्ये गेम कारखान्यातच चिपमध्ये कायमचा बसवलेला असतो. अशी चिप मोठ्या संख्येने बनवली तरच परवडते.

गेम अजून तयार होतोय, रोज काहीतरी बदलतंय, अशा वेळी ती चिप काय कामाची? मग वापरायचे ईपीरॉम. या चिपवर काचेची छोटीशी खिडकी असते. अतिनील दिव्याखाली साधारण वीस मिनिटं ठेवली की आतलं सगळं साफ, आणि पुन्हा नवीन काही भरता येतं. उजेडाने हळूहळू पुसली जाऊ नये म्हणून त्या खिडकीवर स्टिकर चिकटवायचे.

आता विचार करा. चिप महाग आहे आणि परत वापरता येते. गेम रद्द झाल्यावर तिचं काय होणार? पुढच्या गेमसाठी वापरणार, दुसरं काय! मुळात अशा कॅसेट बनायच्याच मोजक्या: एखादी टेस्टिंगला, एखादी मासिकाच्या परीक्षकाला, एखादी प्रदर्शनात मांडायला. त्यातली जी उरली ती बऱ्याचदा कुणी जपली म्हणून नाही, तर कुणी परत द्यायला विसरलं म्हणून उरली. विसराळू माणसांचे एवढे उपकार क्वचितच कुठल्या इतिहासावर असतील.

उरलेल्या कॅसेटही कायमच्या नाहीत. ईपीरॉममधली माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते आणि तो भार काही दशकांत हळूहळू गळतो. चुकीच्या ठिकाणचा एक बिट बदलला तरी गेम बंद पडू शकतो.

वर्गणी काढून वाचवलेला गेम

निन्टेन्डोचा ‘मदर’ जपानमध्ये १९८९ मध्ये आला. अमेरिकेसाठी त्याचं इंग्रजी रूप १९९० मध्ये तयारही झालं, पण दुकानात पोचलंच नाही. १९९८ मध्ये त्याची एक प्रोटोटाइप कॅसेट समोर आली. चाहत्यांनी गणपतीला काढतात तशी वर्गणी काढली, मालकाला पैसे दिले आणि गेमची प्रत काढून इंटरनेटवर टाकली. कित्येकांना ती बनावट वाटली. ‘कुणीतरी घरी बसून केलंय’ म्हणाले. शेवटी २०१५ मध्ये निन्टेन्डोने स्वतःच हा गेम ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ नावाने वी यू कन्सोलवर विकायला काढला. चाहत्यांकडे होता तो जवळजवळ हाच.

‘स्टार फॉक्स २’ची कथा अजून अजब. सुपर निन्टेन्डोसाठीचा हा गेम १९९५ मध्ये पूर्ण होऊनही थांबवला गेला. समोर प्लेस्टेशन आणि सॅटर्नचे थ्रीडी गेम होते, त्यांच्यापुढे हा फिका दिसला असता. निन्टेन्डो ६४ सुद्धा तोंडावर होता. पुढे अर्धवट आवृत्त्या इंटरनेटवर फिरत राहिल्या, पूर्ण गेम मात्र कंपनीकडेच. सप्टेंबर २०१७ मध्ये सुपर निन्टेन्डोच्या छोट्या क्लासिक मशीनमध्ये तो अधिकृतपणे मिळाला. २२ वर्षांनी!

पण निन्टेन्डो आजही धडधाकट आहे म्हणून हे जमलं. त्या काळातल्या कितीतरी कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. त्यांचे रद्द झालेले गेम आज कुणाच्या मालकीचे, हे शोधणंही अवघड.

कधी तर कॅसेटसुद्धा नसते. क्रिस ओबर्थ यांनी एनईएससाठी ‘डेज ऑफ थंडर’ बनवला होता, पण बाजारात त्याच नावाचा वेगळाच गेम आला. ओबर्थ २०१२ मध्ये गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या फ्लॉपी डिस्कमधला कोड वाचून व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२० मध्ये त्यांचा गेम पुन्हा उभा केला.

कपाटाला कुलूप

खरा वाद इथे आहे. एनईएसचे गेम अगदी चिमुकले. पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ फक्त ४० केबीचा आहे. घरच्या ग्रुपवर रोज येणारा सुप्रभातचा फोटो सहसा त्याहून मोठा असतो. योग्य यंत्र असेल तर प्रत काढायला, म्हणजे डम्प करायला, फार वेळ लागत नाही. मग काही मालक का काढू देत नाहीत?

कारण भाव. गेम फक्त माझ्याकडे आहे तोवर माझी कॅसेट सोन्याची. उद्या तो सगळ्यांच्या फोनवर एम्युलेटरमध्ये चालायला लागला तर? २०२० मध्ये निन्टेन्डो आणि सोनीने मिळून केलेल्या, कधीच न विकलेल्या कन्सोलचा एक नमुना लिलावात ३,६०,००० डॉलरला गेला, तेव्हाच्या दराने अडीच कोटी रुपयांहून जास्त. ते मशीन होतं, गेम नव्हता. पण असे आकडे कानावर आले की कपाटाला कुलूप लागणारच.

मालकाची बाजू अगदीच पोकळ नाही. त्याने स्वतःचे पैसे घातलेत. शिवाय डम्प झालेला गेम जुन्या ईपीरॉमवर भरून, वर जुनाट स्टिकर चिकटवून ‘अस्सल प्रोटोटाइप’ म्हणून विकणारे महाभागही आहेत. तरी मला हा हिशोब पटत नाही. अजिंठ्याची चित्रं कॅलेंडरवर छापली म्हणून लेण्यांचं मोल कमी झालं नाही. आणि ती चिप गळतेय, हे विसरून कसं चालेल? प्रत न काढता वीस वर्षं जपलेली कॅसेट एक दिवस नुसता प्लॅस्टिकचा डबा निघू शकते.

सगळेच असे नाहीत. एनईएसवरच्या, कधीच न आलेल्या ‘सिमसिटी’च्या दोन कॅसेट २०१७ मध्ये समोर आल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो गेम सगळ्यांसाठी खुला झाला. हिडन पॅलेस या गटाने तर मार्च २०२१ मध्ये प्लेस्टेशन २ चे ७०० हून जास्त प्रोटोटाइप एकदम प्रसिद्ध केले. अर्थात हे सगळं कायद्याच्या धूसर पट्ट्यात चालतं.

कायदा काय म्हणतो, तर फारसं काही देत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत. हे रीतसर विकल्या गेलेल्या गेमचं. न विकलेले यात धरलेलेच नाहीत. ग्रंथालयांना निदान संशोधकांसाठी असे जुने, बंद झालेले गेम दूरून वापरू देता यावेत, अशी मागणी होती. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेटाळली. लोक मजेसाठी खेळतील ही धास्ती!

आणि फोनवरचे गेम?

‘फ्लॅपी बर्ड’ फेब्रुवारी २०१४ मध्ये स्टोअरवरून काढला गेला, तेव्हा तो आधीपासून असलेले वापरलेले फोन ईबेवर अव्वाच्या सव्वा किमतीला विकायला आले. फोनचीच कॅसेट झाली म्हणायची.

रद्द झालेल्या गेमला तेवढाही आधार नाही. आजची टेस्टिंगची आवृत्ती बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेली असते. सर्व्हर बंद झाला की ॲप उघडून फक्त लॉगिनचा एरर बघायचा. नोकरी सोडताना लॅपटॉप जमा करायचा, अकाउंट त्याच दिवशी बंद. परत द्यायला विसरावं असं कुणाच्या हातात काही राहतच नाही.