चुकीचा आरोपी

मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी बोलताना अडखळला की त्याच्यावर तीन आरोप ठेवले जातात. ठेवणारे बहुधा त्याचे हितचिंतकच असतात. पहिला आरोप : याने इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ केले, म्हणून उच्चार बिघडले. दुसरा : याची जीभ गावाकडची, ती इंग्रजीला वळायची नाही. तिसरा आरोप उपदेशाच्या रूपात येतो : उच्चार शिकवून येत नसतात, मोबाइलवर इंग्रजी ऐकत राहा, आपोआप येतील, आले नाहीत तर दोष तुझा. पेणजवळच्या रामवाडीला एसटीची वाट पाहणाऱ्या, कधी कॉलेजला तर कधी डोलवीच्या कारखान्यात मुलाखतीला निघालेल्या मुलाने हे तिन्ही ऐकलेले असतात. पहिल्या आरोपात थोडे तथ्य आहे, तिसऱ्यात त्याहून थोडे, आणि दुसऱ्यात मुळीच नाही. म्हणून तिन्ही वेगवेगळे तपासायला हवेत.

पहिल्या आरोपाचा साक्षीदार रामवाडीच्या स्टँडवरच सापडतो. 'डेपो' हा शब्द अख्खा महाराष्ट्र बरोबर म्हणतो. स्पेलिंगच्या शेवटी 'टी' आहे, पण तो इंग्रजही उच्चारत नाहीत आणि आपला कंडक्टरही नाही. हा शब्द आपल्याकडे कानावाटे आला आणि देवनागरीत जसा ऐकला तसा उतरला. आता 'प्लंबर' घ्या. इंग्रजीत त्यातला 'बी' मुका आहे. उच्चार 'प्लमर'च्या जवळचा. आपण तो 'बी' ठासून म्हणतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. 'रिसीट'चे 'रिसीप्ट', 'डेट'चे (कर्ज या अर्थी) 'डेब्ट', 'वेन्झडे'चे 'वेडनेसडे' याच वाटेने झाले. या चुकांत देवनागरीचा हात कुठे आहे? उलट, शब्दापुढे देवनागरीत 'प्लमर' लिहिले असते तर चूक झालीच नसती. उच्चार बिघडवला तो रोमन स्पेलिंगने, आणि शिक्षा मात्र देवनागरीला होते आहे.

देवनागरी निर्दोष आहे असे मात्र कोणी म्हणू नये. आपण 'जग' हा एकच शब्द लिहितो आणि त्याचे दोन उच्चार करतो : दुनिया या अर्थी एक, पाण्याचा जग म्हणताना दुसरा. 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' वेगळे आहेत, लिपीत मात्र एकच अक्षर. मराठी माणूस ते चुकत नाही, कारण कानाला आधीच ठाऊक असते. इंग्रजीच्या बाबतीत ते कानाला ठाऊक नसते, आणि तिथे उघडी देवनागरी अपुरी पडते. 'थिन' लिहिले की मूल आपला 'थ' म्हणते. इंग्रजीत तिथे हवा अडत नाही, जिभेचे टोक आणि वरचे दात यांच्या फटीतून घासत जाते. 'अबाउट'मधला पहिला स्वर आपल्या 'अ'पेक्षा कितीतरी दुबळा. आणि आघात शब्दाच्या कुठल्या अवयवावर (सिलेबलवर), हे तर आपण लिहीतच नाही.

पण लिपी अपुरी असली तर ती वाढवायची असते, आणि मराठीने ती वाढवली आहे. 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर मूळ वर्णमालेत नव्हते. इंग्रजीसाठी चंद्र आला, रुळला, आणि २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' अधिकृत वर्णमालेत बसले. त्याहून सुंदर उदाहरण 'व्ह'चे. 'व्हॅन' आणि 'वॅगन', 'व्हिटॅमिन' आणि 'वॉटर' : मराठी वर्तमानपत्रे इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे छापतात. म्हणजे मराठीने आपल्यापुरते ध्वनिलेखन करून ठेवले आहे. फक्त वर्गात कोणी सांगितले नाही की 'व्ह' दिसला की वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे आणि 'व' दिसला की ओठांचा चंबू करायचा. खूण छापली गेली, पण ती वाचायची कशी हे शिकवलेच गेले नाही.

दुसरा आरोप जिभेवर आहे, आणि तो मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. पेण तालुक्यात आगरी बोली बोलणारी घरे पुष्कळ. या बोलीत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो : पानी, डोला. असे मूल पहिलीत जाते तेव्हा मराठीच्या तासाला त्याची जीभ अशुद्ध ठरते. इंग्रजीच्या तासाला तीच जीभ पुन्हा अशुद्ध ठरते, तीही बऱ्याचदा त्याच शिक्षकाच्या तोंडून. आता गंमत पाहा. इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. म्हणजे या दोन ध्वनींपुरते आगरी मुलाला इंग्रजीसाठी काहीच विसरायचे नाही. ध्वनिशास्त्र एवढेच विचारते की जीभ कुठे टेकली आणि हवा कशी गेली. जीभ कोणाच्या घरची आहे हा प्रश्न ध्वनिशास्त्राचा नाही, तो हिणवणाऱ्याचा आहे.

उच्चारांवरून माणसाची पायरी ठरवणे हा इंग्रजांचा जुना रोग. बर्नार्ड शॉने 'पिग्मॅलियन' हे नाटक लिहिले ते त्यावरच, आणि पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये त्याची 'ती फुलराणी' केली तेव्हा तो रोग मराठीत बेमालूम बसला, कारण आपल्याकडे तो आधीपासून होताच. त्या नाटकातल्या प्राध्यापकापाशी दोन गोष्टी आहेत : उच्चारांचे शास्त्र आणि उच्चारांचा तोरा. आपल्या इंग्रजीच्या शिकवणीने त्यातला तोरा तेवढा उचलला.

शिवाय 'शुद्ध' इंग्रजी उच्चार कोणाचा? दक्षिण इंग्लंडातला सुशिक्षित माणूस 'कार'मधला शेवटचा 'र' गिळतो, अमेरिकन आणि स्कॉटिश माणूस तो म्हणतो. आपणही म्हणतो. तेव्हा तो 'र' म्हणणाऱ्या मुलाला चूक ठरवायचे तर अर्ध्या इंग्रजीभाषक जगाला बाकावर उभे करावे लागेल. ध्येय इंग्रजासारखे बोलण्याचे नाही, ऐकणाऱ्याला पहिल्या खेपेला कळेल असे बोलण्याचे आहे. हैदराबादला १९५८ मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीय माणसांचे इंग्रजी परक्या श्रोत्यांना कितपत समजते याचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. समजण्यात अडथळा आणणाऱ्या मोठ्या कारणांत त्यांना सापडलेले एक कारण म्हणजे शब्दातला आघात भलत्या जागी पडणे. आपण मात्र 'फोटोग्राफ'चा आघात पहिल्या अवयवावर आणि 'फटॉग्रफर'चा दुसऱ्यावर असतो हे कधी सांगत नाही, आणि मुलाचा 'र' मोजत बसतो.

तिसरा उपदेश, 'ऐकत राहा'. ऐकल्याशिवाय भाषा येत नाही हे खरेच. पण मोठ्या मुलाचा कान कोरा नसतो. मातृभाषेच्या खणांत तो प्रत्येक ध्वनी टाकत जातो. 'व्हाइन' आणि 'वाइन' त्याने शंभरदा ऐकले तरी दोन्ही एकाच खणात पडतात, कारण तिथे दोन खण आहेत हे त्याला कोणी दाखवलेले नसते. दाखवल्यावर मात्र तोच कान तिखट होतो. म्हणून आधी दाखवणे, मग ऐकणे, मग म्हणणे हा क्रम हवा. नुसते ऐकून सगळे येत असते, तर मोबाइल हातात असलेल्या पिढीचे उच्चार एव्हाना सुधारायला हवे होते.

खंडन पुरे. आता मांडायचे ते असे की मराठी माध्यमातल्या मुलाकडे इंग्रजी उच्चार शिकण्याची हत्यारे इतरांपेक्षा जास्त आहेत. तो ती फक्त मराठीच्या तासाला वापरतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. कठोर आणि मृदू. अल्पप्राण आणि महाप्राण. हे त्याला पाठ असते. आपली वर्णमाला म्हणजे मुखाचा नकाशा आहे, आणि 'ए बी सी डी'च्या क्रमाला असा कुठलाच अर्थ नाही. युरोपात ध्वनिशास्त्र आकाराला आले त्या एकोणिसाव्या शतकात वैदिक उच्चारांचे नियम सांगणारी प्रातिशाख्ये तिकडे अभ्यासली जात होती, आणि भाषाशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३ मध्ये प्राचीन भारतातल्या ध्वनिशास्त्रावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

हे ज्ञान इंग्रजीच्या तासाला कसे उपयोगी पडते? भूतकाळाचा 'ईडी' प्रत्यय घ्या. 'वॉक'ला लागला की 'वॉक्ट', 'कॉल'ला लागला की 'कॉल्ड', 'वॉन्ट'ला लागला की 'वॉन्टिड'. बहुतेक मुले हे तिन्ही 'एड' म्हणून मोकळी होतात. पण ज्याने 'विपद् + काल = विपत्काल' ही संधी सोडवली आहे, त्याला नियम आधीच माहीत आहे : कठोराला खेटून आलेला मृदू वर्ण कठोर होतो. 'वॉक'चा 'क' कठोर, म्हणून 'ड'चा 'ट'. 'कॉल'चा 'ल' मृदू, म्हणून 'ड' तसाच. धातूच्या शेवटी आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तर मध्ये स्वर येतो. अनेकवचनाचेही तेच : 'कॅट्स'मध्ये 'स', 'डॉग्झ'मध्ये 'झ'चा ध्वनी. इंग्रजीत मृदूचा कठोर होतो हे सांगायला मराठीच्या व्याकरणासारखे दुसरे पुस्तक नाही.

महाप्राण तपासायला कागदाची पट्टी पुरे. ओठांसमोर धरून इंग्रजी पद्धतीने 'पिन' म्हटले की ती हलते, 'स्पिन' म्हटले की जवळजवळ हलत नाही. स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे एकच 'पी' आहे. तोंडात मात्र एक 'फ'कडे झुकलेला आहे. आघाताचे चिन्हही आपल्याला परके नाही. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षराखाली आडवी रेघ आणि डोक्यावर उभी रेघ असते. वैदिक स्वर उंच-नीचाचा, इंग्रजी आघात जोराचा, गोष्टी वेगळ्या. पण लिहिलेल्या अक्षराला आवाजाची खूण जोडता येते, ही कल्पना आपल्या लिपीला जुन्या सरावाची आहे.

शेवटी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीही शिकवावी, आठवी-नववीत. ती काही पंडितांची गुप्त भाषा नाही. पॉल पासी आणि त्यांच्यासारखे भाषाशिक्षक १८८६ मध्ये पॅरिसला एकत्र आले ते वर्गातल्या मुलांना परक्या भाषेचे उच्चार नीट शिकवता यावेत म्हणूनच. तिचे तत्त्व, एका ध्वनीला एक खूण, देवनागरी वाचणाऱ्याला समजवावे लागत नाही; फक्त खुणा नव्या. दुबळ्या 'अ'साठी उलटा केलेला रोमन 'ई', 'थिन'मधल्या ध्वनीसाठी ग्रीक थीटा, आघातासाठी अवयवाच्या आधी उभी रेघ. जिथे देवनागरी पुरते तिथे देवनागरी, जिथे थकते तिथे ही. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी नागरीचा पुरस्कार केला तोही इतर लिप्या हटवण्यासाठी नव्हे, त्यांच्या जोडीला नागरी असावी म्हणून. इथेही तोच न्याय लावावा.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. इतक्या वर्षांत स्पेलिंगच्या परीक्षा अगणित झाल्या. जीभ कुठे ठेवायची हे सांगणारा तास क्वचितच झाला. त्यासाठी नवी समिती नको, नवे ॲप नको. इंग्रजीच्या शिक्षकाने मराठी व्याकरणाचे वर्णविचाराचे प्रकरण आपल्या तासाला उघडावे, नवा शब्द फळ्यावर स्पेलिंगबरोबर उच्चारासह आणि आघाताच्या खुणेसह लिहावा, आणि मुलाच्या बोलीला हसणे बंद करावे. पहिल्या दोन गोष्टींना थोडी मेहनत पडेल. तिसरी आजपासून होऊ शकते, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन व्यर्थ आहेत, कारण हसे होईल या भीतीने जे मूल तोंडच उघडत नाही त्याचा उच्चार कोणतीही लिपी सुधारू शकत नाही.