आधी घाट, मग कॅसेट, मग डिरेलर

सायकलच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तुमच्या सायकलला एवढी मोठी कॅसेट बसणार नाही." आणि रविवारी सकाळी सायकलवाल्यांच्या चहाच्या टपरीवर दुसरं : "गिअर कमी पडत नसतात हो, पाय कमी पडतात!" ही दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात जातात. आज त्यांच्यावर लिहायचंच, असं ठरवून बसलोय. घरच्या मंडळींनो, विषय सायकलच्या एका सुट्या भागाचा आहे, पण पान बंद करू नका. गुडघे तुम्हालाही आहेत.

आधी दोन शब्द समजून घेऊ. मागच्या चाकाच्या मध्यभागी दातेरी चकत्यांची जी उतरंड असते, ती कॅसेट. सगळ्यात लहान चकती साधारण ११ दात्यांची, सगळ्यात मोठी २८, ३० किंवा ३४ दात्यांची. चकती जेवढी मोठी, तेवढा गिअर हलका, म्हणजे चढाला सोपा. या उतरंडीखाली दोन छोट्या चाकांचा एक सांगाडा लोंबत असतो, तो मागचा डिरेलर. त्याला कामं दोनच. चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलायची, आणि लहान चकतीवर गेल्यावर जी जास्तीची चेन उरते ती ताणून धरायची.

आता मुद्दा. दुकानातून जी चकाचक रोड सायकल मिळते, तिचे गिअर कुणाचे पाय डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले असतात? शर्यतवाल्याचे. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११ ते २८ ची कॅसेट, आणि तिला जेमतेम पुरेल असा आखूड केजचा डिरेलर. घेणारा कोण? बँकेतला पंचेचाळिशीचा माणूस, शाळेतली शिक्षिका, नुकताच निवृत्त झालेला इंजिनिअर. पुण्यातला असेल तर सायकल घेतल्यावर महिन्याभरात सिंहगडाच्या वाटेला लागणार, वाईचा असेल तर पसरणी घाटाच्या.

जरा हिशोब करू. तीव्र चढावर अशा माणसाचा वेग ताशी ७ किलोमीटर धरा. मागे २८ ची चकती असेल तर त्या वेगाला पॅडलच्या मिनिटाला सुमारे ४६ फेऱ्या होतात. ३४ ची असेल तर ५५. वेग तोच, चढ तोच, पण २८ वर प्रत्येक फेरीला पायाला २१ टक्के जास्त जोर लावावा लागतो. तासभराचा चढ असेल तर हा जोर काही हजार वेळा लावायचा. आणि मग कुणीतरी पाठीवर थाप मारून सांगणार, पाय कमी पडले!

ही मर्दुमकी काही नवी नाही. फ्रान्समध्ये सेंट एतिएनचा पॉल द विव्ही, ज्याला सायकलवाले 'वेलोसिओ' म्हणून ओळखतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बदलत्या गिअरची तरफदारी करत होता. पण टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला डिरेलर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटायची. त्या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ साली. तोवर जगातले उत्तमोत्तम सायकलपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून ते उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठी चकती असायची. डिरेलर आला म्हणून शर्यत काही मवाळ झाली नाही. चाक उलटं करायचा वेळ तेवढा वाचला.

आता "बसणार नाही"कडे येतो. हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त त्रासदायक आहे. प्रत्येक डिरेलरला कंपनीने दोन मर्यादा दिलेल्या असतात. पहिली, सर्वात मोठी चकती किती दात्यांची चालेल. दुसरी, एकूण क्षमता, म्हणजे किती ढिली चेन तो ताणू शकेल. ही दुसरी काढायला तिसरीतल्या मुलाचं गणित पुरतं : पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या सर्वात मोठ्या आणि लहान चकतीतला फरक.

उदाहरण घेऊ. शिमानोचा १०५ मालिकेतला, २०१८ साली आलेला ११ गिअरचा आर ७००० डिरेलर. त्याचा आखूड केजचा प्रकार ३० दात्यांपर्यंत चालतो, क्षमता ३५. मध्यम केजचा ३४ पर्यंत, क्षमता ३९. आता ११-३४ ची कॅसेट लावायचीय. पुढे ५० वजा ३४, म्हणजे १६. मागे ३४ वजा ११, म्हणजे २३. बेरीज ३९. मध्यम केजवर चपखल! शिफ्टर तेच, केबल तीच. कॅसेट, डिरेलर आणि थोडी लांब चेन, एवढंच बदलायचं. म्हणजे "बसणार नाही" याचा खरा अर्थ "या डिरेलरवर बसणार नाही" एवढाच होता. पुढचं अर्धं वाक्य गिऱ्हाइकाला सांगायला दुकानदाराची जीभ का जड होते, कोण जाणे.

याच्या उलट टोकाचीही एक जमात आहे : "लावून टाक रे, चालतंय!" यांच्याशीही माझं पटत नाही. आखूड डिरेलरखाली ३४ ची कॅसेट दामटली आणि चेन जुनीच आखूड ठेवली, तर चुकून कधी पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र लागली की चेनला जागाच उरत नाही. मग हँगर वाकतो, किंवा डिरेलर सरळ चाकाच्या तारांत जातो. तोही चढावर, घरापासून लांब. कंपन्या मर्यादा जरा राखूनच लिहितात हे मान्य. अमेरिकेतले नावाजलेले मेकॅनिक शेल्डन ब्राउन (निधन २००८) यांनी हे लिहूनही ठेवलंय. पण ती राखीव जागा आपण काय करतोय हे कळणाऱ्यासाठी आहे, पहिल्यांदाच सायकल घेणाऱ्याच्या गळ्यात मारायला नाही. शिवाय शिमानोचा १० गिअरचा माउंटन डिरेलर रोडच्या शिफ्टरबरोबर नीट चालत नाही, कारण दोघांचं केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं. "लांब केज दिसली, लावली" असं नसतं ते.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. चकत्या दोन्हीकडे अकराच, त्यामुळे ११-३४ मध्ये त्यांच्यातलं अंतर वाढतं. ११-२८ मधल्या १२ आणि १४ दात्यांच्या चकत्या इथे नसतात. सपाट रस्त्यावर घोळक्यात जोरात जाणाऱ्याला ते जाणवतं. त्याने खुशाल २८ घ्यावी. पण त्याची अडचण बाकीच्या नव्वद जणांच्या माथी कशाला?

माझ्या ओळखीतल्या एका काकांनी पन्नाशीत मोठ्या हौसेने सायकल घेतली. चार वेळा घाट चढले, चारही वेळा अर्धा घाट सायकल हातात धरून. आपलं वय झालं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. आता ती सायकल गॅलरीत आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. त्यांना कुणीही सांगितलं नाही की प्रश्न वयाचा नव्हता, सहा दात्यांचा होता. मला राग येतो तो याचा.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी आपला घाट आणि आपले गुडघे, मग त्यांना झेपेल ती कॅसेट, आणि मग त्या कॅसेटला पेलेल तो डिरेलर. नवी सायकल घ्यायला जाल तेव्हा रंग आणि वजन विचारण्याआधी मोठ्या चकतीचे दाते विचारा, डिरेलरची मर्यादा विचारा. घरी सायकल असेल तर पुसता पुसता दाते मोजून ठेवा, बरेचदा चकतीवरच आकडा कोरलेला असतो.

मी त्या काकांना फोन करणार आहे. टॉवेलांसाठी दोरी बांधता येते म्हणावं :-)